बीस्ट देखणा झाला तेव्हा

१७५६ साली लंडनमध्ये छापलेल्या एका फ्रेंच पुस्तकात जेवणाचा एक प्रसंग आहे. बापाने तोडलेल्या एका गुलाबाची भरपाई म्हणून व्यापाऱ्याची धाकटी मुलगी एका अक्राळविक्राळ बीस्टच्या वाड्यात राहायला आली आहे. बाप परत गेल्यावर पहिल्याच रात्री ती पानावर बसते तेव्हा बीस्ट येतो आणि तू जेवत असताना मी इथे बसलो तर चालेल का, असे विचारतो. घर तुमचे, मर्जी तुमची, असे ती म्हणते. त्यावर तो सांगतो की या घराची मालकीण तूच आहेस, माझा त्रास होत असेल तर सांग, मी लगेच निघून जाईन. जेवण झाल्यावर तो तिला लग्नाचे विचारतो. ती थरथर कापत नाही म्हणते. तो मोठा सुस्कारा टाकतो आणि निघून जातो. दुसऱ्या रात्री पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. असे तीन महिने चालते.

'ब्यूटी अँड द बीस्ट' या नावाने जगभर पोचलेल्या गोष्टीचे हे सर्वांत परिचित रूप. ते लिहिणाऱ्या लप्रँस द बोमाँ या बाई इंग्लंडमधल्या सधन घरांतल्या मुलींच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या पुस्तकाची रचनाही बाई आणि विद्यार्थिनी यांच्या संभाषणाची आहे. या मुलींची लग्ने घरचे लोक ठरवणार होते, नवरा बहुधा अनोळखी आणि पुष्कळदा वयाने बराच मोठा असणार होता. त्यांच्या मनातली भीती घालवून त्यांना त्या लग्नासाठी तयार करणे, हा गोष्टीचा एक हेतू होता असे अभ्यासक मानतात. तेव्हा गोष्ट मुळात बंडखोर नाही. बापाच्या चुकीची किंमत मुलगी मोजते. ती माहेरी गेली आणि वेळेत परतली नाही तर बीस्ट मरेल, हा भावनेचा दबावही गोष्टीत आहे. तरीसुद्धा त्या जुन्या, आज्ञाधारक गोष्टीने एक मर्यादा पाळली होती. तिथे प्रश्न रोज विचारला जातो, नकार ऐकून घेतला जातो, आणि मुलीने बापाला भेटायला जायचे म्हटले की बीस्ट तिला जाऊ देतो, त्यात आपला जीव जाईल हे माहीत असूनही.

आज हीच गोष्ट किशोरवयीन मुलींसाठी लिहिलेल्या फँटसी प्रेमकथांतून नव्याने सांगितली जाते. नायिकेच्या हाती धनुष्य आले आहे, तलवार आली आहे. ती शिकार करते, लढते, राज्येही वाचवते. आणि याच प्रवासात ती मर्यादा गळून पडली आहे. मला चिंता वाटते ती याची. या पुस्तकांतल्या शृंगाराबद्दल खूप आरडाओरडा होतो. माझा आक्षेप शृंगाराला नाही. पुरुषाने केलेल्या इजेचा अर्थ कसा लावायचा याचे जे वळण ही पुस्तके लावतात, त्याला आहे.

बदल एका रात्रीत झालेला नाही. गोष्टीचे पहिले छापील रूप १७४० सालचे, गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह यांचे, जवळपास कादंबरीएवढे लांब. त्यातला बीस्ट लग्नाचे नव्हे, शय्येचेच विचारतो. पण विचारतो, आणि नाही म्हटल्यावर थांबतो. रॉबिन मॅकिन्ली यांची 'ब्यूटी' ही कादंबरी १९७८ साली आली. तिच्यातला बीस्ट जुन्याइतकाच आदबशीर आहे. त्याच्या ग्रंथालयात अजून लिहिली न गेलेली पुस्तकेसुद्धा आहेत, आणि नायिकेला त्याची ओढ लागते ती वाचनातून, गप्पांतून, सोबतीतून. १९९१ च्या डिस्नेपटात मोठा फरक पडला. तिथला बीस्ट डरकाळ्या फोडतो, म्हाताऱ्या बापाला कोठडीत टाकतो, माझ्याबरोबर जेवणार नसेल तर तिने उपाशी राहावे असे फर्मावतो. पटकथा लिहिणाऱ्या लिंडा वुल्व्हर्टन यांनी नायिकेला वाचनवेडी आणि स्वतःचे मत असलेली मुलगी केले, हे त्यांचे मोठे श्रेय. पण संतापी पुरुषाला माणसाळवायचे काम त्याच चित्रपटाने तिच्या अंगावर टाकले. तरी तिथेही शाप सुटण्याची आशा सोडून बीस्ट तिला जाऊ देतो. आणि गावाचा लाडका, देखणा, रुबाबदार गॅस्टन हाच शेवटी खरा राक्षस ठरतो. रूप आणि वागणूक यांतला जुना हिशेब तोपर्यंत शाबूत होता.

तो उलटला कसा, हे पाहायला सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका घेऊ. तिचा पहिला भाग २०१५ साली ब्लूम्सबरीने किशोरांसाठीचे पुस्तक म्हणून आणला. आज या प्रकारातली ही सर्वांत गाजलेली मालिका आहे आणि मुंबई-पुण्याच्या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांतही तिचे खंड सहज मिळतात. आरंभ जुन्या गोष्टीचाच आहे. दारिद्र्यात गेलेल्या व्यापाऱ्याची धाकटी मुलगी, एकोणीस वर्षांची फेरा, जंगलात एक लांडगा मारते. तो लांडगा नसतो, परीलोकातला एकजण असतो. भरपाई मागायला श्वापदाच्या रूपात टॅमलिन येतो आणि तिला आपल्या राज्यात घेऊन जातो. पण हे श्वापदाचे रूप थोड्या वेळाचे. त्याखाली सोनेरी केसांचा, देखणा, तरुण दिसणारा सरदार आहे. त्याचे वय मात्र शतकांत मोजायचे.

जुन्या गोष्टीत चेहरा भयंकर होता आणि वागणूक सभ्य. मुलीपुढचा पेच असा होता की माणूस पारखायचा तो दिसण्यावरून की वागण्यावरून. बोमाँबाईंनी हे ठसवायला थोरल्या बहिणींचे संसार दाखवले. एकीला देखणा नवरा मिळतो, तो स्वतःच्याच रूपात गुंग. दुसरीला हुशार नवरा मिळतो आणि त्याची हुशारी इतरांना, त्यातही बायकोला, टोचून बोलण्यात खर्च होते. हे पाहिल्यावर ब्यूटीला बीस्टच्या चांगुलपणाची किंमत कळते. नव्या कादंबरीत चेहरा देखणा आहे आणि वागणूक भयंकर. आतून तो चांगला आहे असे समजून वागणुकीकडे काणाडोळा करायला वाचणारी मुलगी शिकते. पहिली गोष्ट पुरावा पाहायला लावत होती. दुसरी पुराव्यावर अविश्वास ठेवायला लावते.

पुस्तकात काय घडते ते सरळ सांगतो. एका उत्सवाच्या रात्री खोलीबाहेर पडू नकोस असे टॅमलिनने बजावलेले असते. फेरा बाहेर पडते. तो तिला भिंतीशी गाठतो आणि मानेला चावा घेतो. दुसऱ्या दिवशी दोष तिच्यावरच येतो, सांगितलेले ऐकले नाही म्हणून. हा प्रसंग भीतीचा म्हणून लिहिलेला नाही, ओढीचा म्हणून लिहिलेला आहे. पुढे ती दुष्ट राणीच्या कैदेत सापडते. हाड मोडलेल्या, तापाने फणफणलेल्या अवस्थेत कोठडीत पडलेली असताना रीसँड नावाचा दुसरा सरदार येतो. हात बरा करण्याच्या बदल्यात दर महिन्यातला एक आठवडा माझ्याकडे राहायचे, असा सौदा तो घालतो, आणि ती कबूल होत नाही तेव्हा तो मोडका हात पिळतो. त्यानंतर रोज रात्री तिला तोकड्या कपड्यांत, अंगभर रंगवून, गुंगी आणणारे मद्य पाजून दरबारात नाचवतो. सकाळी तिला काही आठवत नसते. रीसँडचे वय पाचशे वर्षांहून जास्त आहे. दुसऱ्या भागापासून तो या मालिकेचा नायक आहे.

या लेखिकेवर अन्याय होऊ नये म्हणून तिने जे चांगले केले तेही नोंदवले पाहिजे. २०१६ साली आलेल्या दुसऱ्या भागात तिने धाडस केले. पहिल्या पुस्तकात जिंकलेल्या प्रियकराचे, टॅमलिनचे, खरे स्वरूप तिने उघडे केले. तो फेराला जपतो म्हणजे तिला कामापासून, बातम्यांपासून, लोकांपासून दूर ठेवतो. शेवटी तो तिला जादूने घरात कोंडतो आणि ती घुसमटून कोसळते. काळजी आणि कोंडमारा यांतला फरक या पानांत मुलींना पहिल्यांदा स्पष्ट दिसला, असे सांगणाऱ्या वाचक पुष्कळ आहेत, आणि मला ते खरे वाटते. परीकथेतल्या राजपुत्राला सोडून जाता येते, हे किशोरवयीन मुलीला सांगणारी पुस्तके फार नाहीत. म्हणून तर पुढच्या वळणाचे दुःख अधिक आहे. ज्या हातांनी लेखिकेने टॅमलिनवर आरोपपत्र लिहिले, त्याच हातांनी रीसँडला निर्दोष सोडले.

तो सुटतो तो एका स्पष्टीकरणाने. मद्य पाजले ते त्या रात्री तिला आठवू नयेत म्हणून. नाचवले ते टॅमलिनला चेतवण्यासाठी आणि राणीचा संशय टाळण्यासाठी. हात पिळला ते तिची जिद्द जागवण्यासाठी. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक दैवी बंध होता, ती त्याची नियतीने ठरवलेली जोडीदार होती, हे त्याला आधीपासून माहीत होते, तिला नव्हते. हे कळल्यावर फेरा चिडते, निघून जाते, आणि बंध स्वीकारायचा की नाही हा हक्क कादंबरी तिला देते. पण तोवर वाचणारी मुलगी शेकडो पानांतून त्या उत्तराकडे आणली गेलेली असते. नियतीने लावलेल्या जोडीला नाही म्हणणारी नायिका या प्रकारात मला अजून भेटलेली नाही. जुना बीस्ट प्रश्न विचारत होता, कारण उत्तर कोणालाच माहीत नव्हते. इथे उत्तर आधीच लिहिलेले आहे. मग विचारायचे ते उपचारापुरते.

स्पष्टीकरणाची ही सवय तिथे थांबत नाही. २०२१ सालच्या, प्रौढांसाठी म्हणूनच आलेल्या भागात फेरा गरोदर असते आणि हे बाळंतपण तिच्या जिवावर बेतणार हे रीसँडला, वैद्यांना, जवळच्या मंडळींना कळलेले असते. तिलाच सांगत नाहीत. शेवटी तिची बहीण रागाच्या भरात ते बोलून जाते. ज्या नवऱ्याची ओळख 'तिला निर्णय घेऊ देणारा' अशी करून दिली होती, तो तिच्याच शरीराबद्दलचे सत्य तिच्यापासून लपवतो, आणि मालिका त्याला पुढेही आदर्श म्हणून मिरवते. याबद्दल या पुस्तकांच्या चाहत्यांनीच सडकून टीका केली. मुली आंधळेपणाने वाचत नाहीत, याची ती मोठी खूण आहे.

प्रेमकथेतली ही युक्ती जुनी आहे. अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४ सालच्या आपल्या पुस्तकात लोकप्रिय प्रेमकथा वाचणाऱ्या गृहिणींचा अभ्यास मांडला. या कथा नायकाच्या कठोरपणाचा मागाहून नवा अर्थ लावायला शिकवतात, असे त्यांना दिसले. तो तिरस्कार नव्हता, न ओळखलेले प्रेम होते. रॅडवे यांना त्या बायकांबद्दल आदर होता. घरकामाच्या रगाड्यातून स्वतःसाठी काढलेला तो वेळ होता हे त्यांनी सहानुभूतीने लिहिले. पण ज्या व्यवस्थेने त्या बायका थकल्या होत्या, तिच्याशी जुळवून घ्यायचे बळही याच कथा पुरवत होत्या, ही त्यांची शंका आजही पुसून टाकता येत नाही. त्या बायका बहुतेक लग्न झालेल्या होत्या. पुरुष कसा बोलतो, कसा गप्प बसतो, राग आला की दार कसे आपटतो, हे त्यांनी पाहिले होते. कल्पना आणि घर यांची तुलना त्या करू शकत होत्या. चौदा वर्षांच्या मुलीकडे तुलनेला काय आहे? पुष्कळदा तिने वाचलेले दुसरे असेच पुस्तक.

पुस्तक वाचून कोणी छळ सोसायला तयार होते, असे सरळ समीकरण मी मांडत नाही. वाचन असे काम करत नाही. पण मनात अर्थ लावण्याची जी वाट पडते ती वाचनानेही पडते, नाहीतर आपण मुलांना गोष्टी सांगितल्याच नसत्या. 'तो असा वागला, पण त्याचे कारण होते' हे वाक्य एका मुलीने बारा पुस्तकांत बारा वेळा खरे ठरताना पाहिले, तर तेराव्या वेळी, पुस्तकाबाहेर, तिला कारण शोधायची सवय लागलेली असेल. कारण मिळेलही. दुखावणाऱ्या माणसाकडे कारण नेहमीच तयार असते.

आता बाजाराने यात एक नवी गोष्ट घातली आहे. ही पुस्तके समाजमाध्यमांवरून, विशेषतः टिकटॉकवरच्या वाचनविषयक व्हिडिओंतून आणि इन्स्टाग्रामवरून खपतात. तिथे पुस्तकाची ओळख कथानकाने होत नाही, लेबलांनी होते: 'एनिमीज टू लव्हर्स', 'फेटेड मेट्स', 'मोरली ग्रे हीरो', आणि शृंगार किती ते सांगायला मिरचीची चित्रे. लोककथेचे पुनर्कथन हेही असेच एक लेबल. त्याचे आर्थिक गणित सोपे आहे. मूळ गोष्टीवर कोणाचा हक्क नाही, ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि एका वाक्यात विकता येते. पण लेबल वाचूनच पुस्तक उघडणाऱ्या मुलीला पहिल्या पानाआधी कळलेले असते की हा क्रूर पुरुषच नायक आहे. मग तो मोडका हात पिळतो तेव्हा ती घाबरत नाही. स्पष्टीकरण पुढे येणार हे धरून वाचत राहते. भीती ही वाचकाची राखण असते. लेबल ती राखण उठवते. जुन्या गोष्टीत ब्यूटीला आणि ऐकणाऱ्या पोरीलाही वाड्यातला हा प्राणी कसा निघेल हे खरोखर माहीत नव्हते. त्याच्या प्रत्येक कृतीकडे त्या म्हणून बारकाईने पाहत होत्या.

वयाचा प्रश्नही बाजारातूनच आला. 'यंग अ‍ॅडल्ट' हा विभाग शाळकरी वयासाठी उभा राहिला. पण बाउकर या संस्थेच्या २०१२ सालच्या अभ्यासात या विभागातली पुस्तके विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले, आणि त्यांतला सर्वांत मोठा गट तीस ते चव्वेचाळीस वयाचा होता. बहुतेक जण ती स्वतःच वाचायला घेत होते. पैसा जिकडे, लिखाण तिकडे सरकले. नायिका सतरा-एकोणीसची राहिली, तिचे अनुभव तीस वर्षांच्या खरेदीदाराच्या आवडीने बेतले जाऊ लागले. मास यांची मालिका २०२० साली नव्या मुखपृष्ठांनिशी प्रौढांसाठी म्हणून पुन्हा बाजारात आली. म्हणजे पाच वर्षे ती ज्या फळीवर होती, ती जागा तिची नव्हती हे अप्रत्यक्षपणे कबूल झाले. तोवर जुन्या प्रती शाळांच्या ग्रंथालयांत आणि हातोहात फिरत पोचायच्या तिथे पोचल्या होत्या.

यावर अमेरिकेतल्या युटा राज्याने काढलेला मार्ग मला घातक वाटतो. तिथे २०२४ साली कायदा झाला आणि सर्व सरकारी शाळांतून काढायच्या तेरा पुस्तकांची यादी जाहीर झाली. त्यांतली सहा एकट्या मास यांची होती. त्याच यादीत मार्गारेट अ‍ॅटवुड होत्या, जुडी ब्लूम होत्या, पंजाबात जन्मलेल्या कॅनडावासी रूपी कौर यांचा कवितासंग्रहही होता. कसोटी एकच होती: शरीराचे वर्णन किती उघड आहे. जुडी ब्लूम यांच्या 'फॉरएव्हर' मध्ये दोन शाळकरी मुले एकमेकांशी बोलून, काळजी घेऊन जवळ येतात आणि पुढे मुलीचे प्रेम ओसरते, तेव्हा ती तसे सांगून बाजूला होते. मुलीला होकार आणि नकार दोन्ही देणारे ते पुस्तक. कायद्याच्या नजरेला हे पुस्तक आणि गुंगीचे मद्य पाजून नाचवणाऱ्या नायकाचे पुस्तक यांत फरक दिसला नाही. उघडे अंग दिसले, पिळलेला हात दिसला नाही. आपल्याकडेही चिंता व्यक्त होईल तेव्हा ती याच चुकीच्या जागी बोट ठेवेल, अशी मला भीती वाटते. चित्रपटांना २०२४ च्या नियमांनी सात, तेरा आणि सोळा अशा वयांच्या पायऱ्या आल्या. पुस्तकांना तसे प्रमाणपत्र नाही, आणि नसावेच. पिळलेला हात ओळखायचे काम शिक्का मारणाऱ्या समितीला जमणारे नाही.

पुनर्कथन याहून वेगळे होऊ शकते का? होऊ शकते, आणि त्यासाठी फ्रान्सला जायची गरज नाही. राजस्थानातल्या बोरुंदा गावचे विजयदान देथा यांनी तोंडी चालत आलेल्या कथा राजस्थानीत नव्याने लिहिल्या. त्यांच्या 'दुविधा' या कथेत लग्न करून परतणारी वरात वाटेत थांबते आणि झाडावरचे भूत नवरीवर भाळते. नवरा व्यापारी, त्याचे लक्ष हिशेबात. लग्नाला दोन दिवस होत नाहीत तोच तो पाच वर्षांसाठी व्यापाराला परमुलखात निघतो. भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. सासऱ्याला फसवते, गावाला फसवते. त्याच्याकडे शक्ती आहे, सोंग हुबेहूब आहे, कोणी पकडणार नाही. तरी नवरीजवळ आल्यावर ते खरे सांगते. मी तुझा नवरा नाही, आता तू ठरव. त्या घरात तिच्या मर्जीचा प्रश्न पहिल्यांदा निघतो तो भुताच्या तोंडून. कथेचे नाव म्हणूनच दुविधा. निर्णय तिच्या पदरात पडतो आणि त्याचे ओझेही.

देथांनी शेवट कठोर ठेवला. खरा नवरा परततो, धनगर भुताला पखालीत कोंडतो, आणि ती बाई ज्याला तिने निवडले नव्हते त्याच्याकडेच राहते. मणी कौल यांनी १९७३ साली यावर चित्रपट केला तो या कठोरपणाशी इमान राखून. अमोल पालेकर यांनी २००५ साली 'पहेली' केला, पटकथा संध्या गोखले यांची. त्यात भूत पखालीतून सुटून नवऱ्याच्याच देहात शिरते आणि नायिकेला तिचा प्रियकर परत मिळतो. या बदलाबद्दल मतभेद आहेत. मला स्वतःला देथांचा शेवट जास्त खरा वाटतो. पण पालेकर-गोखले यांनी शेवट गोड केला तरी गाभ्याला हात लावला नाही. गंमत, गाणी, रंग, बाहुल्या, मोठे तारे, सगळे होते. आणि मधोमध सत्य सांगून थांबलेला प्रियकर होता. लोकांना आवडेल असे करताना नायिकेचा निर्णय वगळावाच लागतो, हे खरे नाही.

आपल्या बायकांच्या परंपरेतही इजेला इजा म्हणण्याला आधार आहे. भोंडल्याच्या गाण्यांत माहेरी जायची परवानगी मागणारी सून आणि दरवेळी नवी अट पुढे करणारी सासू सगळ्यांना आठवत असेल. जात्यावरच्या ओव्यांत सासरचा जाच हजारो बायकांनी गायिला. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. तिथे भाऊ आहे, आई आहे, विठ्ठल आहे, आणि दुःखही आहे. पण तो जाच म्हणजे आतून मायाच होती, अशी सारवासारव त्या बाया सहसा करताना दिसत नाहीत. त्यांना घर सोडता येत नव्हते, तरी जाचाला जाच म्हणायचे त्यांनी सोडले नाही. घर सोडण्याचे स्वातंत्र्य आणि हाती तलवार असलेल्या नायिकेने तसे म्हणणे सोडावे, हे मला फार मागे जाणे वाटते.

मराठी घरांत सध्या दोन प्रकार दिसतात. मुलगी सहाशे पानांचे इंग्रजी पुस्तक वाचते आहे याचाच आनंद इतका की आत काय आहे हे कोणी पाहत नाही. नाहीतर एखादे पान चुकून नजरेला पडते आणि पुस्तक हिसकावून घेतले जाते. दुसऱ्यात मुलीला कळते ते इतकेच की या विषयावर घरात बोलायचे नाही. खऱ्या आयुष्यात कोणी तिला गुदमरेपर्यंत जपले, तर ती हे घरी सांगायला येणार नाही. मराठी प्रकाशकही आता किशोरवयाकडे वळू लागले, आणि वळायला हवेच, तर खपाचे हे तयार साचे त्यांच्यापुढे असतील. आपल्याकडे सापाशी लग्न लागलेल्या मुलीची गोष्ट पंचतंत्रात आहे, नवऱ्याचे रूप घेऊन येणाऱ्या नागाची गोष्ट कन्नड लोककथांतून गिरीश कार्नाडांच्या 'नागमंडल' मध्ये आलेली आहे. उद्या कोणी अशी गोष्ट मराठी मुलींसाठी लिहिली तर नाग देखणा आणि उद्धट करून नायिकेला त्याच्याशी नियतीने बांधणे सर्वांत सोपे पडेल.

आई, मावशी, शिक्षिका, ग्रंथपाल यांनी ही पुस्तके आधी स्वतः वाचावीत. कंटाळा आला तरी निदान पहिले दोन भाग. मग मुलीशी वाद घालावा, बरोबरीच्या वाचकाशी घालतो तसा. मुली या वादाला उत्सुक असतात. टॅमलिन वाईट का आणि रीसँड चांगला का, यावर त्या आपसांत तासन् तास भांडतात. त्या भांडणात एक मागणी करता येईल. स्पष्टीकरणाची प्रकरणे बाजूला ठेवायची आणि कागदावर दोन रकाने आखायचे. दोघांनी काय केले तेवढेच लिहायचे, का केले ते लिहायचे नाही: कोणी कोंडले, कोणी पाजले, कोणी लपवले, कोणी विचारले, आणि नाही म्हटल्यावर कोण खोलीबाहेर गेले. तिसरा रकाना बोमाँबाईंच्या बीस्टचा ठेवावा, मग कोणाच्या रकान्यात काय उरते ते मुलीनेच पाहावे.